शेक संपले, तरी तोंड का सोलतंय?

प्रश्न : आम्ही गेवराई तालुक्यातले. माझे सासरे, म्हणजे मामा, ५६ वर्षांचे. डाव्या गालाच्या आतल्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, जबड्याचं हाड कापावं लागलं नाही. नंतर छत्रपती संभाजीनगरला ३० शेक (रेडिएशन) झाले, सोबत दर आठवड्याला केमोचं सलाईन. शेवटचा शेक होऊन १२ दिवस झाले. वाटलं होतं आता उतार पडेल, पण तोंड आधीपेक्षा जास्त आलंय. पाणीसुद्धा झोंबतं. तोंडात जेमतेम दीड बोट जातं. वजन ५८ वरून ५१ वर आलं. डॉक्टर नाकातून नळी टाकू म्हणाले होते, पण घरच्यांनी नको म्हटलं. नळी लागली की माणूस गेलाच, असं सगळे बोलतात. मान काळी पडून सोलतेय, शेजारच्या बाया हळद-खोबरेल लावा म्हणतात. उजवीकडची खालची दाढ ठणकते, इथले दातांचे डॉक्टर काढून टाकू म्हणतात. अंगात शेक राहतो म्हणून सासूबाई नातवाला त्यांच्याजवळ जाऊ देत नाहीत. मामांची तंबाखू सुटली, सासूबाईंची मिश्री चालूच आहे. कुठून सुरुवात करू?

उत्तर : ताई, दाढेपासून. ती दाढ काढू देऊ नका. बाकीचं सगळं दोन दिवस मागेपुढे झालं तर सावरता येईल, हे सावरणं फार अवघड जातं.

शेक घेतलेल्या जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. खालच्या जबड्याला रक्ताचा पुरवठा मुळातच कमी, त्यामुळे तिथे धोका जास्त. एरवी दाढ काढली की खड्डा काही आठवड्यांत भरून येतो. इथे कधी कधी तो भरतच नाही, हाड उघडं पडतं, हळूहळू मरतं, पू येतो आणि कधी कधी जबडा मोडतो. आणि हा धोका वर्ष-दोन वर्षांनी संपत नाही, जन्मभर राहतो. शेक डाव्या बाजूचा होता म्हणून उजवीकडची दाढ मोकळी, असंही धरू नका. कोणत्या बाजूच्या हाडाला किती डोस गेला ते रेडिएशनच्या डॉक्टरांना कागदावर बघून सांगता येतं. ३० शेकांचा एकूण डोस साधारण ६० ग्रे (रेडिएशन मोजायचं माप) असतो. तुमच्या दातांच्या डॉक्टरांना एवढंच सांगा : "जबड्याला रेडिएशन झालंय, आधी रेडिएशनच्या डॉक्टरांशी बोला." पुष्कळदा दाढ ठेवूनच रूट कॅनॉल करता येतं, किंवा वरचा भाग कापून मुळं तशीच ठेवता येतात. काढण्यावाचून इलाजच नसेल तर ते काम मोठ्या ठिकाणी, जबड्याच्या सर्जनकडून, अँटिबायोटिकच्या आधाराने व्हायला हवं. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तपासणीच्या फेरीतच तिथे दाखवून या. आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा : "तोंडाला रेडिएशन झाले आहे. विचारल्याशिवाय दात काढू नये." तो कागद मामांच्या आधार कार्डाच्या पाकिटातच ठेवा. पाच वर्षांनी एखाद्या दंत शिबिरात तुम्ही सोबत नसाल, पाकीट सोबत असेल.

आता तोंड. शेक थांबले म्हणजे शेकाचं काम थांबलं असं नसतं. तोंडाच्या आतली कातडी सतत झडते आणि खालच्या थरातून नवी वर येते. शेकाने तो खालचा थरच दुखावतो, म्हणून झडणं चालू राहतं आणि भरणं मागे पडतं. शेवटच्या शेकानंतरचे एक-दोन आठवडे बहुतेकांना सगळ्यात वाईट जातात. तुम्ही नेमक्या तिथेच आहात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून जखमा भरायला लागतात, सहा आठवड्यांपर्यंत बऱ्याचशा भरतात. केमो सोबत असली की थोडं लांबतं.

तोपर्यंत तोंड स्वच्छ आणि ओलं ठेवणं हेच मुख्य औषध. एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या. टँकरचं असो की बोअरचं, उकळलेलंच घ्या. त्यात एक सपाट चमचा मीठ आणि एक सपाट चमचा खाण्याचा सोडा घाला. चमचा चहाचा, आणि सोडा खाण्याचा. कपडे धुण्याचा सोडा चुकून पडला तर तोंड भाजतं, म्हणून डबीवर नाव लिहा. जागे असतील तोवर दर दोन तासांनी, आणि प्रत्येक खाण्यानंतर. जास्त झोंबलं तर मीठ कमी करा, सोडा राहू द्या. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी टाकून नवं करा.

दीड बोट तोंड उघडत असेल तर नुसती चूळ भरून गालाच्या मागच्या कोपऱ्यात पाणी पोहोचत नाही. मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणा, सुई काढून टाका. मामांना बसवून मान पुढे झुकवायची, खाली भांडं धरायचं, आणि सिरिंजचं टोक गालाकडे वळवून हळूहळू पाणी सोडायचं. घशाच्या दिशेने कधीच नाही, ठसका लागतो. चिकट, तारेसारखी लाळ अडकली असेल तर बोटाला ओला गॉज गुंडाळून पुसून काढा. तुरटीच्या गुळण्या, हायड्रोजन पेरॉक्साइड, बाजारातलं झणझणीत माउथवॉश यातलं काही नको. ज्या माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं ते जखम आणखी कोरडी करतं. दात घासायला लहान बाळाचा मऊ ब्रश आणि तिखट नसलेली पेस्ट. काळं-लाल दंतमंजन बंद.

रोज सकाळी मोबाइलच्या टॉर्चने तोंडात बघा. शेकाच्या जखमेवर पिवळट-पांढरा पातळ पापुद्रा असतो, त्याला घाबरू नका आणि तो खरवडू नका. पण जिभेवर, टाळ्यावर दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके दिसले, हलकेच पुसले की निघतात आणि खाली लाल दिसतं, तर ती बुरशी. ती या दिवसांत फार जणांना होते. तिला तोंडात लावायचं वेगळं औषध किंवा गोळ्या लागतात. "आधीपेक्षा जास्त आलंय" याचं ते एक कारण असू शकतं, म्हणून हे दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा.

दुखणं अंगावर काढायचं नाही. बरेच पुरुष "सोसतो" म्हणतात आणि खाणं सोडून देतात, मग वजन जातं. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी दुखायला लागल्यावर न देता घड्याळाच्या वेळेला द्या, आणि एक वेळ अशी बसवा की गोळीनंतर अर्ध्या तासाने जेवण येईल. तोंड बधिर करणारं जेल दिलं असेल तर ते लावल्यावर गरम काही देऊ नका. भाजलेलं कळत नाही आणि ठसकाही लागतो. मॉर्फिन लिहून दिलं तर घाबरू नका. डॉक्टरांनी सांगितल्या मापाने घेतलं तर त्याची चटक सहसा लागत नाही, पण पोट साफ ठेवणारं औषध सोबत मागून घ्या. मेडिकलमधून मनाने डायक्लोफेनॅकसारखी गोळी मात्र आणू नका. दर आठवड्याच्या केमोत बहुतेक वेळा सिस्प्लॅटिन नावाचं औषध असतं, त्याने किडनीवर आधीच ताण आलेला असतो.

वजनाकडे वळू, कारण ५८ वरून ५१ म्हणजे दर आठ किलोंमागे एक किलो गेला. इतकं गेलेलं असताना जखम भरायला शरीराकडे सामानच उरत नाही. ५१ किलोच्या माणसाला या काळात दिवसाला साधारण १,६०० ते १,७५० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. नुसती पेज, साबुदाण्याची खीर, नारळपाणी यातून ती मिळत नाहीत. पोट भरल्यासारखं वाटतं आणि वजन उतरत राहतं.

हिशेब असा मांडा. दिवसभरात पाऊण लिटर दूध, तीन अंडी, अर्धी वाटी कच्ची मूगडाळ आणि तेवढाच तांदूळ मऊ शिजवून, मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचं अगदी बारीक कूट, दोन मोठे चमचे दूध पावडर, चार चहाचे चमचे तूप, थोडा गूळ. एवढं पोटात गेलं तर दोन्ही आकडे गाठले जातात. अंडं कधीही कच्चं नको, पूर्ण शिजवून दुधात फिरवा. मामा माळकरी असतील तर अंड्यांऐवजी १०० ग्रॅम पनीर वाटून घाला. आपल्याकडे सोयाबीन घरोघरी असतं. त्याचं पीठ चालेल, पण आधी नीट भाजलेलं आणि नंतर दुधात शिजवलेलं, कच्चं सोया पचत नाही. भाकरीची आठवण येतेच. ज्वारीची भाकरी गरम वरणात अर्धा तास भिजू द्या, तूप घालून मिक्सरमधून काढा आणि कोमट करून द्या. तिची चव मामांच्या ओळखीची असेल, एवढाही आधार या दिवसांत मोठा असतो. ठेचा, टोमॅटो, चिंच, आंबट ताक, लिंबू सध्या दूर. सगळं कोमट किंवा गार, आणि एका वेळी वाटीभरच, दर दोन तासांनी.

चव नाही म्हणतील. जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या पेशी दुखावल्या आहेत, चव परत यायला दोन-चार महिने लागतात, कुणाला वर्षही. "चवीसाठी नाही, औषध म्हणून घ्या मामा" असं आत्ता म्हणावं लागेल.

हे सगळं जोर लावून केल्यावरही तीन-चार दिवसांत निम्म्याच्या वर जात नसेल, तर नळी टाकून घ्या. नळी मरणाची खूण नाही. तोंड-घशाच्या जखमा भरेपर्यंत पोटाकडे जाणारी ती वळणवाट आहे, सोय झाली की काढतात, बहुतेकांची काही आठवड्यांत निघते. उशिरा टाकली तर मात्र वजन परत मिळवणं फार जड जातं.

नळी असेल तेव्हा चुका ठरलेल्या चार-पाचच होतात. अन्न नीट गाळलं नाही तर नळी तुंबते, म्हणून मिक्सरमधून काढून मलमलच्या कापडातून गाळा. आडवं झोपवून दिलं तर वर येऊन फुप्फुसात जातं. मामांना बसवून द्या आणि नंतर पाऊण तास बसलेलेच राहू द्या. नाकाजवळ नळीवर पेनाने खूण करा, खूण सरकलेली दिसली तर काही देऊ नका. २०० ते २५० मिली अन्न पंधरा-वीस मिनिटांत, आधी आणि नंतर ३० ते ५० मिली साधं पाणी सोडून नळी धुवायची. गोळ्या कुटण्याआधी विचारा, कारण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या की सगळं औषध एकदम अंगात जातं. नळी निघाली तर घरी परत ढकलायची नाही. आणि नळी असतानाही ठसका लागत नसेल तर दिवसातून काही वेळा घोट-घोट पाणी गिळायला लावा. न वापरलेला घसा गिळणं विसरतो, नंतर शिकवताना घाम फुटतो.

दीड बोट. ही गोष्ट मला तोंड येण्यापेक्षाही महत्त्वाची वाटते. तोंडातल्या जखमा आज ना उद्या भरतील. जबडा मिटवणारा स्नायू आपोआप सैल होणार नाही, तो अजून आखडणार आहे. मामा सुपारी-गुटखाही खात असतील तर गालाच्या आतली कातडी आधीच चामड्यासारखी झालेली असते, वर ऑपरेशनचा व्रण, वर शेक. शेकाने स्नायूत तंतू तयार होतात आणि पहिल्या नऊ-दहा महिन्यांत तोंड सगळ्यात वेगाने मिटत जातं. जखम भरली, दुखणं थांबलं, घरचे निश्चिंत झाले, आणि सहा महिन्यांनी चमचाही आत जात नाही, असं घडतं ते याच काळात. मग दाढ दुखली तरी डॉक्टरचं अवजार आत जात नाही. म्हणून व्यायाम आत्ताच सुरू करायचा. सर्जनना एकदा विचारा, "ऑपरेशनच्या जागेला ताण चालेल ना?" आणि होकार मिळाला की त्याच दिवसापासून.

स्टेशनरीच्या दुकानात आइस्क्रीमच्या कोऱ्या लाकडी काड्या मिळतात, पन्नासचं पुडकं आणा. काठ गुळगुळीत आहेत ना ते बोट फिरवून बघा. पट्टीवर मोजा : मामांनी शक्य तेवढं तोंड उघडल्यावर वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांत किती मिलिमीटर अंतर आहे. समजा २२ मिमी. एक काडी जवळपास २ मिमी जाड असते, म्हणजे अकरा काड्या. त्या एकावर एक ठेवून रबर बँडने बांधा, गठ्ठा स्वच्छ धुवा, आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये, जिथे दात पक्के आहेत तिथे, सरकवा. ठणकणाऱ्या दाढेवर किंवा हलणाऱ्या दातावर नको. तीस सेकंद तसंच धरायचं, काढायचं, थोडं थांबायचं, पुन्हा. असं पाच वेळा, दिवसातून पाच-सहादा. ताण जाणवला पाहिजे, डोळ्यांत पाणी येईल इतकं दुखायला नको. ते सहज जमायला लागलं की गठ्ठ्याच्या मधोमध बारावी काडी हळूच ढकला. रक्त आलं तर त्या दिवशी थांबा. गोळी दिल्यानंतर अर्ध्या तासाने केलं तर सोपं जातं. दर रविवारी मोजून आकडा कॅलेंडरवर लिहा. तीन आठवड्यांत आकडा हलला नाही किंवा कमी झाला, तर फिजिओथेरपिस्टकडे जा आणि जबडा उघडायच्या स्क्रूच्या साधनाबद्दल विचारा. हे वर्षभर तरी चालवायचं आहे, जखमा भरल्या म्हणून काड्या फेकायच्या नाहीत. आपली स्वतःची तीन बोटं उभी आत जाणं हे साधारण चांगलं उघडणं.

मानेला हळद नको, खोबरेल नको, बाम नको, बर्फ नको, गरम कापडाचा शेकही नको. कोमट पाणी, साधा सौम्य साबण, हाताने हलकेच, आणि टिपून कोरडं करायचं. जिथे कातडी फक्त काळी आणि कोरडी आहे तिथे डॉक्टरांनी सांगितलेलं बिनवासाचं मलम. ओली जखम असेल तर त्यांना विचारून वेगळं. दाढी ब्लेडने नको, ट्रिमरने. उन्हात निघताना जुन्या मऊ सुती धोतराचा तुकडा सैल गुंडाळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार जातो आणि ही कातडी वर्षभर तरी ऊन सोसत नाही. कूलर चालेल, पण झोत थेट तोंडावर नको, घसा आणखी सुकतो. उशाशी पाण्याची छोटी स्प्रेची बाटली ठेवा, रात्री तोंड कोरडं पडून जाग येईल तेव्हा दोन फवारे. ही लाळेची कोरड महिनोन्महिने राहते, आणि लाळ नाही म्हणून दात झपाट्याने किडतात. तोंड भरलं की फ्लोराइडच्या जेलबद्दल विचारा. ते रात्री ट्रेमध्ये भरून पाच मिनिटं लावतात, थुंकून टाकतात, गिळत नाहीत, आणि नंतर अर्धा तास खाणं-पिणं नाही.

नातवाला खुशाल मांडीवर बसू द्या. मशीनमधून येणारा शेक मशीन बंद झाल्याबरोबर संपतो, अंगात काही उरत नाही, त्यांच्या ताटातून किंवा अंथरुणातून कुणाला काही जात नाही. सर्दी-तापाचं मूल असेल तर मात्र ते बरं होईपर्यंत दूर, कारण केमोनंतर मामांची प्रतिकारशक्ती कमी असते.

याच कारणाने ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर घरी पॅरासिटामॉल देऊन वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना. दिवसभर पाण्याचा घोट जात नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, श्वास घेताना घशातून आवाज येत असेल, पाणी पिताना दर वेळी ठसका लागून ताप येत असेल, तरीही त्याच दिवशी. तोंडातून किंवा मानेतून भळभळ रक्त आलं तर मामांना कुशीवर वळवा, मानेतून असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन करा. सहा-आठ आठवड्यांनंतरही एखादी जखम भरली नाही, तोंडात हाड उघडं दिसलं, किंवा मानेत नवी गाठ लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा.

पहिलं वर्ष तारखा दाट असतात, एक ते तीन महिन्यांनी एकदा. त्या चुकवू नका. सहा महिन्यांनी रक्ताची टीएसएच तपासणी मागून घ्या. मानेवरच्या शेकाने थायरॉइड मंदावू शकतो, मग माणूस सुस्त होतो, अंग जड होतं, थंडी वाजते, आणि घरचे "आजाराने खचलाय" असं समजत राहतात. गोळीने हे सुधारतं.

आता सासूबाईंची मिश्री. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. मामांनी तंबाखू सोडली हे फार मोठं काम आहे, पण घरात डबी उघडी असली की तलफ रोज समोर येऊन बसते. त्यांना सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा तंबाखू सोडण्याचा मोफत फोन आहे. आणि मामांच्या पुढच्या तारखेला सासूबाईंनाही सोबत न्या. त्याच ओपीडीत त्यांचं तोंड उघडून गाल, हिरड्या आणि जिभेच्या कडा बघून घ्या म्हणावं. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांवर टिकलेली जखम, आणि तीन बोटं जातात का, एवढं तपासायला पाच मिनिटं लागतात.